नर्सबाई घर लावतात

डहाणूतल्या त्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन जयवंतीबाईंना दीड वर्ष झालं होतं, तरी बाहेरच्या खोलीत भिंतीशी सात खोकी सुतळीनं बांधलेली तशीच उभी होती. त्यांना त्यात वावगं वाटत नसे. उधव्याच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं काढली, ती अशीच. दर मे महिन्यात बदल्यांची बोलणी सुरू व्हायची. "औंदा नर्सबाई जातात बघा," असं पाड्यापाड्यावर म्हटलं जायचं, आणि जयवंतीबाई भांडी, गोधड्या, पाटा-वरवंटा बांधून ठेवायच्या. जून उलटला की कळायचं, याही वर्षी नाही. मग लागेल तेवढंच सोडायचं. पुढं पुढं तेही सोडेनाशा झाल्या. निवृत्तीनंतर सामान न्यायला टेम्पो आला, तेव्हा त्यांचं घर अर्ध्या तासात भरून झालं होतं.

जन्म गंजाडच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळा, मग नर्सिंगचा कोर्स, मग थेट उधवा. लग्नाचं दोनदा ठरत आलं. पहिल्या वेळी मुलाला सुरतेला जायचं होतं आणि यांना नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यांनीच नको म्हटलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर भाऊ म्हणाला, गंजाडला ये, खोली काढून देतो. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओटीवर बसून झालेल्या बाईला आता भावाच्या ओटीवर बसवेना. म्हणून डहाणू, दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर.

गॅलरीतून चिकूच्या वाड्यांची गर्द पाठ दिसे, आणि पलीकडे समुद्राची नुसती रेघ. दुपारी जेवून आडवं झालं की खारा वारा घरभर हिंडे. डोळ्यांवर झापड येता येता जयवंतीबाई पुन्हा चालू लागत. टेकडीवरची पायवाट, खांद्याला बॅग, पुढं कंदील घेतलेला कुणीतरी. आपण कुणाच्या घरी निघालो आहोत ते स्वप्नात कधी कळत नसे. घर यायच्या आत जाग येई.

डिसेंबरात एका सकाळी त्या जुन्या चादरी द्यायला गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आसऱ्यात गेल्या. टाकीत एक जखमी कासव वल्ही मारत होतं. टाकीच्या मागं, अगदी कडेच्या पिंजऱ्यात, राखाडी रंगाची एक मांजरी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मावशी, ती नका बघू, ती म्हातारी आहे," तिथं काम करणारा मिथुन म्हणाला. "तिकडं चार पिल्लं आहेत, एकदम मस्त."

"किती वर्षांची आहे ही?"

"दात बघून डॉक्टर म्हणतात अकरा-बारा."

"म्हणजे मांजरांत माझ्याएवढीच."

मिथुन हसला. "पण मावशी, सगळे पिल्लूच नेतात."

"पिल्लू पंधरा वर्षं जगेल, बाबा. मी साठीला आले. ते माझ्यामागं कुणाच्या दारात बसणार?"

नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा तलासरीकडची बरीच माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली निजू लागली होती. काही जण घराला कुलूप लावून वापीला, सुरतेला नातेवाइकांकडे गेले. ही मांजरी अशाच एका बंद घराच्या ओट्यावर महिनाभर बसून होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी तिला इथं आणून सोडलं. घर कुणाचं, ते त्यालाही माहीत नव्हतं. तिला नाव नव्हतं. सगळे म्हातारी म्हणत.

आसऱ्याच्या डॉक्टर निलम वयानं लहान, पण बोलायला सरळ होत्या. "देईन मी, पण आधी घर बघेन. गॅलरीला जाळी हवी. लपायला जागा हवी. वाळूचा ट्रे हवा. आणि पहिले दहा दिवस तुमच्याकडे राहिली, नीट खाल्लं, तरच कागद करू. म्हाताऱ्या मांजराचं एकदा घर सुटलं की ते निम्मं संपतं, मावशी. पुन्हा उचलून परत आणावं लागलं तर ही खाणंच सोडेल. म्हणून विचार करून सांगा."

जयवंतीबाईंनी विचार तिथंच केला होता. पिंजऱ्यासमोर उकिडवं बसून त्यांनी म्हातारीच्या पाठीकडे पाहिलं. पाठ वळली नाही. एवढ्या गप्प, एवढ्या सरळ बसलेल्या पाठी त्यांनी पाड्यांवर पाहिल्या होत्या. तिथं काही बोलायचं नसतं, शेजारी बसायचं असतं.

घराची तयारी सुरू झाली. ग्रिलवाला तीन आठवडे "पुढच्या सोमवारी" म्हणत राहिला, तेव्हा बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या वरोरच्या जिवलीनं घरचं एक जुनं जाळं आणून दिलं. जयवंतीबाईंनी ते डेटॉलच्या पाण्यात तीन दिवस भिजवलं, तीनदा पिळलं, आणि स्टुलावर चढून गॅलरीला वरपासून खालपर्यंत बांधलं.

समोरच्या फ्लॅटमधले चिमणभाई सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते खाली अंगणात उभे राहून बराच वेळ मान वर करून बघत राहिले.

"जयवंतीबेन, आ शुं? दुसऱ्या मजल्यावर मासे येणार?"

"मांजर येणार आहे."

"मग बरोबर. मासे आले तर खाणारी पण पाहिजे." आणि ते आपल्याच विनोदावर मान हलवत भाजी आणायला गेले.

मग फरशी. उपकेंद्राची तपासणी असली की जयवंतीबाई आदल्या दिवसापासून फिनेल घेऊन बसायच्या. सगळ्या जिल्ह्यात त्यांच्या फरशीचं नाव होतं. इथंही त्यांनी दिवसातून दोनदा फिनेल फिरवलं. वाटीपासून ताटलीपर्यंत सगळं उकळून घेतलं. पलंगाखालचा कोपरा ब्लीचिंग पावडरनं घासला. वाळूचा ट्रे फडक्यानं झाकला आणि फडक्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावली. शनिवारी संध्याकाळी दारात उभ्या राहून त्यांनी घराकडे पाहिलं, तेव्हा घर इतकं लख्ख होतं की आत पाऊल टाकायला त्यांचाच पाय धजेना.

रविवारी डॉक्टर निलम आल्या. उंबऱ्यातच थबकल्या.

"मावशी, हा तर दवाखाना आहे."

जयवंतीबाईंना ती शाबासकी वाटली. "हो ना. सगळं निर्जंतुक केलंय."

"तेच म्हणते. तिनं महिनाभर दवाखान्यात काढलाय. आत आल्या आल्या तिला वाटेल, पुन्हा तेच. आणि फिनेल मांजराला विषासारखं असतं. पाय चाटते ना ती दिवसभर." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पलंग, एक खुर्ची, सात खोकी. "तुम्ही कधी आलात राहायला? या महिन्यात?"

"दीड वर्ष झालं."

डॉक्टर गॅलरीत गेल्या. जाळी ओढून बघितली, चांगली आहे म्हणाल्या. "आठ दिवस नुसत्या पाण्यानं पुसा. खिडक्या उघड्या ठेवा. आणि मावशी, घरात कुणीतरी राहतंय असा वास येऊ द्या."

हे कसं करायचं ते मात्र त्या सांगून गेल्या नाहीत. जयवंतीबाईंनी गंजाडला फोन लावला.

भावजय गंगी दोन दिवसांनी आली ती गोणी घेऊनच. तिच्यात भाताचा पेंढा होता, घरची एक मळकी गोधडी होती, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील. तिनं खोली हुंगली.

"बाय, तू इथं जेवतेस की सलाईन लावून घेतेस?"

"गंगे, तोंड आवर."

"खरं सांग, सुकं कधी भाजलंस शेवटचं?"

जयवंतीबाईंनी बोंबलांचं वर्तमानपत्र पुन्हा गुंडाळलं. या इमारतीत आल्यापासून त्यांनी एकदाही सुकं भाजलं नव्हतं. समोर चिमणभाई, वर आणखी दोन गुजराती घरं. कुणी कधी शब्दानं बोललं नव्हतं. पण परक्या पाड्यावर गेल्यावर आपण आपला डबा झाकूनच खातो, तसं त्या इथं राहत होत्या. हे गंगीला सांगता आलं नसतं. तिला सांगायची गरजही पडली नाही. तिनं तोवर खोक्यांच्या सुतळ्यांवर सुरी चालवली होती.

त्या दुपारी सात खोकी फुटली. कुठं काय आहे ते जयवंतीबाईंनाच आठवत नव्हतं. पाटा-वरवंटा निघाला, पितळेचा डबा निघाला, वातींचा स्टोव्ह निघाला. एका खोक्यात फक्त टोपडी होती, बाळंतिणींनी प्रेमानं शिवून दिलेली, एकाही बाळाच्या डोक्यावर न चढलेली. "ही कुणासाठी ठेवलीस?" गंगीनं विचारलं. "दिली म्हणून ठेवली," त्या म्हणाल्या. गंगीनं ती नीट घडी करून मांडणीवर ठेवली. बाहेर ऊन उतरत होतं, जाळ्याच्या चौकड्या फरशीवर पसरल्या होत्या, आणि वारा आला की सगळी फरशी पाण्यासारखी हलत होती. दोघी त्या पाण्यात पाय पसरून बसल्या आणि चहा प्यायल्या.

संध्याकाळी गंगीनं बोंबील भाजले. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात चिमणभाई.

जयवंतीबाईंनी दार अर्धंच उघडं धरलं. "चिमणभाई, मांजरासाठी आहे. डॉक्टर म्हणाल्या, वास..."

चिमणभाईंनी नाकाला रुमाल लावला होता. रुमालाआडून ते म्हणाले, "करा ना बेन, तुमचं घर आहे. फक्त दार लावून घ्या आणि गॅलरी उघडी टाका. या वेळी वारा बंदराकडे जातो. तिकडं कुणाला कळणार पण नाही."

दार लावल्यावर गंगी पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

जानेवारीच्या शेवटी मिथुन म्हातारीला टोपलीतून घेऊन आला. गंजाडला दुसऱ्या घरचं मांजर आणलं की त्याला चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ते जुनं घर विसरतं. गंगी एवढ्यासाठी मुद्दाम थांबली होती. पण इथं गॅसची शेगडी भिंतीला चिकटलेली, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की मांजरीला हातात धरायचं नाही, टोपली उघडायची आणि बाजूला व्हायचं. शेवटी गंगीनं वातींचा स्टोव्ह खोलीच्या मधोमध ठेवून पेटवला आणि टोपलीसकट मांजरीला त्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. मिथुननं मोबाइल बाहेर काढला. "फोटो काढशील तर याच स्टोव्हवर तुझा चहा करीन," गंगी म्हणाली. मग टोपलीत डोकावून, "ये गं वाघाची मावशी, हे घर तुझं."

टोपली उघडली. म्हातारी बाहेर आली, कुणाकडे न बघता पलंगाखाली गेली, आणि पेंढा भरलेल्या खोक्यामागं दिसेनाशी झाली.

पहिल्या दिवशी तिनं खाल्लं नाही. जयवंतीबाईंनी भाजलेला बोंबील चुरून ठेवला, तो सकाळी तसाच होता. दुसऱ्या दिवशी ताजी मांदेली उकडून काटे काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी जिवलीनं जवळ्याची पूड दिली, "हिच्यावर मेलेलं मांजर उठतं," असं म्हणून. पलंगाखाली दोन डोळे दिसत, ताटलीकडे बघतही नसत. पाणी तेवढं वाटीतून कमी होई. जयवंतीबाई पलंगाला टेकून खाली बसून राहत. बोलत नसत. दुपारचा वारा येई, झापड येई. पायवाटेऐवजी आता त्यांना एक बंद दार दिसे आणि ओट्यावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. ती मांजरी असे की त्या स्वतः, ते नीट दिसत नसे.

चौथ्या दिवशी सकाळी मिथुनचा फोन आला. "मावशी, म्हातारं मांजर इतके दिवस उपाशी राहिलं तर लिव्हर जातं. उद्या सकाळपर्यंत नाही खाल्लं तर घेऊन या. सलाईन लावावं लागेल."

"मग परत मिळेल ना मला?"

"डॉक्टरांना विचारा," मिथुन म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच त्यांना कळलं.

त्याच दुपारी धक्का बसला. आधी मांडणीवरची भांडी वाजली, मग पलंग सरकला, मग पायाखालची फरशी एकदा ओढल्यासारखी झाली आणि थांबली. सगळ्या इमारतीत दारं धडाधड उघडली. चिमणभाई दार ठोठावत होते, "बेन, चला, चला, खाली चला!" जयवंतीबाईंनी दार उघडलं आणि मांजरीला काढायला पलंगाशी वाकल्या, तेवढ्यात त्यांच्या हाताखालून राखाडी काहीतरी सुटलं आणि उघड्या दारातून बाहेर गेलं.

खाली अंगणात सगळे उभे होते. कुणी पोरं मोजत होतं, कुणी गॅस बंद केला का म्हणून विचारत होतं. जयवंतीबाई स्कूटरच्या खाली बघत होत्या. पाण्याच्या टाकीमागं, चिकूच्या वाडीच्या कुंपणाशी, रस्त्याच्या मोरीत. हाक मारायला नाव नव्हतं. म्हातारी म्हणून हाक मारली तर दोन शेजारणींनी वळून पाहिलं. तासाभरानं लोक वर गेले. त्या रस्त्याच्या कडेला तलासरीच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. मांजरं घर शोधत पंधरा-वीस कोस जातात म्हणतात. हिची चार दिवसांची उपासमार. किती जाईल? आणि पोचली तरी दाराला कुलूपच.

शेवटी त्या जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर चिमणभाईंची बायको, हिराबेन, दारात ओठांवर बोट ठेवून उभी होती.

"आवाज नका करू," तिनं खुणेनंच आत बोलावलं.

स्वयंपाकघरात, देवाच्या कोनाड्याखाली, म्हातारी स्टीलच्या ताटलीतून खात होती. कान मागं, मान खाली, घाईघाईनं नाही पण न थांबता.

"मी वर आले तर ओट्याखाली बसलेली," हिराबेन कुजबुजली. "मी म्हटलं, आव बेटा, आव. तर आली सरळ. दुपारची खिचडी होती, तूप घातलं, दिली. दुसऱ्यांदा वाढली ही."

"खिचडी?"

"तुम्ही काय घालत होता?"

"बोंबील."

हिराबेननं तोंडावर हात घेतला. खांदे हलू लागले. "अरेरे! अहो, ही आमच्यातली आहे. अकरा वर्षं कुणाच्या तरी घरी खिचडी-कढी खाऊन राहिली असणार. तुमच्या घरात आली तर बिचारीला वाटलं असेल, कुठं आणून टाकलं मला!"

जयवंतीबाईही हसल्या. पण घरी येऊन पलंगाशी बसल्यावर पेंढ्याच्या खोक्यामागं कुणी नव्हतं, आणि भाजलेल्या माशाचा वास सगळ्या भिंतींना लागला होता. दीड वर्षानं एकदाचं घराला वास आला होता, तोही नेमका चुकीचा.

सहाच्या सुमाराला दार ढकलल्यासारखं झालं. म्हातारी आत आली. तिनं एकदा खोली ओलांडली, गंगीनं आणलेल्या मळक्या गोधडीवर चढली आणि पोटाखाली पाय घेऊन झोपली. ताटलीतल्या मांदेलीकडे पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून दोन्ही दारं दिवसा उघडी राहू लागली. म्हातारी समोर जेवायची आणि इकडे झोपायला यायची. गंगीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मांजरी मासळी सोडून भगत झाली की काय! चुलीभोवती फिरवलं तेव्हा मलाच वाटलं, ही नाक मुरडते."

दहाव्या दिवशी डॉक्टर निलमचा फोन आला. "खाते का?"

फक्त "हो" म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण एकतीस वर्षांत एकाही नोंदीत जयवंतीबाईंनी न दिलेली लस दिली म्हणून लिहिलं नव्हतं.

"खाते. पण समोरच्यांकडे. खिचडी."

"मग मावशी, ती राहते कुणाकडे? त्यांनाच हवी असेल तर..."

हिराबेन कढीची वाटी द्यायला आली होती. सगळं ऐकून तिनं फोन सरळ हातातून घेतला. "डॉक्टर, माझ्याकडे सून आहे, दोन नातू आहेत, हे आहेत. मला अजून कुणी नको. मांजरी बेनची आहे. आमच्याकडे फक्त मेस लावलीय."

डॉक्टर हसल्या तेव्हा ते दोघींनाही ऐकू आलं. मग त्यांनी सांगितलं, मांजराला नुसती खिचडी पुरत नाही, तिच्यात हळूहळू अंडं, मग चिमूटभर मासळी मिसळायला लागा. आणि उद्या सहीला या.

"ते तुम्ही तुमच्या घरी मिसळा," हिराबेन फोन परत देत म्हणाली. "मला सांगू नका. मांजराचं पाप मांजराला."

दुसऱ्या दिवशी सही करून जयवंतीबाई परतल्या, तेव्हा दुपार झाली होती. हिराबेननं जिन्यातूनच हाक मारली, जेवून जा, वाढलंय. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. म्हातारी शेजारी, आपल्या ताटलीपाशी. तिचं आधी झालं. तिनं मिश्या पुसल्या, उंबरा ओलांडला, जिन्याची मोकळी जागा ओलांडली आणि समोरच्या उघड्या दारातून घरात गेली, मागं कुणी येतंय का न बघता.

जयवंतीबाईंनी अजून थोडी कढी वाढून घेतली.